आई विचारत नाहीत

४ मार्च, मंगळवार

हात सुटावा म्हणून आजपासून रोज थोडं लिहायचं ठरवलं आहे. काय लिहायचं ते ठरवलेलं नाही. दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर होते तेव्हा दिवसभर लिहूनही हात दुखायचा नाही, आणि आता सामानाची यादी करतानाही बोटं आखडतात. निवृत्ती माणसाच्या बोटांत आधी उतरते बहुतेक.

कारण असं की सूनबाई रविवारी पडली. स्टुलावर चढून माळ्यावरची मोठी बॅग काढत होती, स्टूल कलंडलं आणि उजवं मनगट मोडलं. बॅग धडधाकट आहे. एवढी मोठी बॅग हिला मध्येच कशाला हवी होती, ते मी काही विचारलं नाही. जाड कपडे ठेवायचे असतील. बॅग आता तिच्या खोलीत दाराआड उभी आहे.

हात मोडला तो मोडला, वेळ बघून मोडला. ९ एप्रिलला तिचा साहित्याचा पेपर आहे, शेवटचा राहिलेला. मागच्या वर्षी त्यातच गेली. तो सुटला की डिग्री हातात. ती एका शाळेच्या ऑफिसात तात्पुरती कारकून आहे. जूनमध्ये ती जागा कायम होणार, पण डिग्रीवाल्या माणसासाठी, असं हेडबाईंनी स्पष्ट सांगून ठेवलंय. म्हणजे हा पेपर गेला की नोकरीही गेली. आणि हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

तर आता लेखनिक घ्यायचा, म्हणजे ती सांगणार आणि दुसऱ्या कुणी लिहायचं. समोरच्यांची मुलगी लगेच तयार झाली होती, पण ती पदवीधर, चालत नाही. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला लागतो आणि त्याला विषयाचा गंध नसावा लागतो. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा कमी शिकल्याचा मान मिळाला.

६ मार्च, गुरुवार

परीक्षेच्या ऑफिसात जाऊन आलो. खिडकीच्या आत बसायची सवय असलेल्या बाईला खिडकीच्या बाहेर उभं राहणं जड जातं. तिथल्या कारकुनाने अर्ज बघितला, नातं विचारलं. सासू, म्हटलं. त्याने चष्मा वर सरकवला आणि म्हणाला, "सून बोलणार आणि सासू मुकाट्याने लिहून घेणार? असा अर्ज माझ्याकडे पहिलाच." मागची रांग हसली. सूनबाईसुद्धा हसली, बऱ्याच दिवसांनी.

मग त्याने नियम वाचून दाखवले. सांगेल तेच लिहायचं, शब्द कमी नाही की जास्त नाही. सुचवायचं नाही, मान हलवायची नाही, भुवई उडवायची नाही. भुवई माझी भर आहे, पण अर्थ तोच. मी म्हटलं, अहो, जन्मभर दुसरं काय केलंय? खिडकीवर तीनच प्रश्न विचारायचे असतात. नाव, वय, काय होतंय. माणूस सांगेल ते लिहायचं आणि कागद डॉक्टरांकडे पाठवायचा. कुणी पायाला मुंग्या येतात म्हणाला तर मुंग्या लिहायचं, लाल की काळ्या ते आपण विचारायचं नाही.

घरी येऊन एक निश्चय केला. पेपराला लागलेली ती कादंबरी मी वाचणार नाही. उद्या कुणी म्हणायला नको की सासूने आतून सुचवलं. निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक आहे, जेवणाच्या टेबलावरच पडलेलं असतं. मी त्यावर वर्तमानपत्र टाकून ठेवते.

८ मार्च, शनिवार

सूनबाईच्या खोलीतल्या चादरी आणि उश्यांचे अभ्रे काढले. तसे दर शनिवारी मीच काढते. चिरंजीवांचा अभ्रा मागच्या शनिवारी घातला होता तसाच कोरा, इस्त्रीची घडीसुद्धा मोडलेली नाही. तरी धुतला. तो पुलाच्या कामावर लांब गेल्यापासून असंच आहे. पुलाचं काम म्हणजे लांबणारच. येईल तेव्हा उशी तयार हवी.

११ मार्च, मंगळवार

काल पहिला सराव झाला आणि आज आम्ही दोघी नापास झालो.

सूनबाईच्या शिकवणीच्या एक बाई आहेत. लाल पेन हातात नसेल तर त्यांना श्वास घेता येत नाही, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात लाल पेनच म्हणते. त्यांनी पद्धत घालून दिली आहे. कादंबरीवरच्या प्रश्नाला एक तास. आधी दावा मांडायचा, मग कादंबरीतला दाखला द्यायचा, मग त्या दाखल्यातून काय निघतं ते सांगायचं. गोष्ट मुळीच सांगायची नाही. मागच्या वर्षी सूनबाईने गोष्टच सांगितली होती, आणि इतकी रंगवून सांगितली की वेळ संपली तेव्हा ती अर्ध्यावर होती.

तर काल टेबलावर बसलो आणि स्वयंपाकघरातला टायमर तासावर लावला. ती बोलत गेली, मी लिहीत गेले. कादंबरीत एक आई आहे. तिचा मोठा झालेला मुलगा एक दिवस अचानक घरी परत येतो, पिशवी दाराआड ठेवतो आणि का आला ते सांगत नाही. आई विचारत नाही. एवढं मला कळलं. बाकी सगळा दावा आणि दाखला.

आज बाईंनी तपासून दिलं. एका ओळीभोवती मोठं लाल वर्तुळ होतं. ओळ अशी: "आई रात्री फाटकाला कडी लावत नाही आई थांबा जरा पाणी पिते मुलाला कधीही आत येता यावं म्हणून." ही पाणी प्यायला थांबणारी आई कुठल्या प्रकरणात आहे, असं बाईंनी विचारलं. सूनबाई हसून हसून वाकली. मी म्हटलं, सांगेल तेच लिहायचं असा नियम आहे, मी नियम पाळला. ही कादंबरीतल्या आईला आई म्हणते आणि मलाही आई म्हणते. लिहिणाऱ्याने ओळखायचं कसं?

शेवटी बाईंनीच तोड काढली. मला काही सांगायचं असेल, थांबा, खोडा, वाचून दाखवा, तर सूनबाईने आधी डाव्या हाताने टेबल वाजवायचं. टेबल वाजलं की बोलणं माझ्याशी. नाही वाजलं की ते उत्तरपत्रिकेत. संध्याकाळपासून ती मीठ मागतानाही टेबल वाजवते आहे.

१६ मार्च, रविवार

चिरंजीवांचा फोन. तो रविवारी दुपारी करतो, सूनबाई शिकवणीला गेलेली असते तेव्हा. आधी विचारतो, ती आहे का घरात? नाही म्हटलं की मोकळा होऊन बोलतो. बायकोच्या अभ्यासात व्यत्यय नको एवढं त्याला कळतं, हे बरं आहे. तिचा हात मोडल्याचं मागच्या वेळी सांगितलं होतं. आज हाताचं विचारायचं त्याच्याकडून राहून गेलं, कामाचा ताण असतो.

मागून कुणी बाई विचारत होत्या, चहा आत्ता ठेवू का. "थोड्या वेळाने," म्हणाला. घरमालकीण असणार. परक्या गावात चहा विचारणारं माणूस भेटलं, माझी अर्धी काळजी मिटली.

सूनबाई आल्यावर सांगितलं की फोन आला होता, मजेत आहे. बरं, म्हणाली आणि चपला जागेवर ठेवल्या. आमच्याकडे कुणी कुणाला खोदून विचारत नाही. म्हणून तर घरात शांतता आहे.

१९ मार्च, बुधवार

माझी मोठी पंचाईत झाली आहे. या कादंबरीवर मी आता भाषण देऊ शकेन, फक्त त्यात काय होतं ते मला माहीत नाही. फाटकाची कडी कशाचं प्रतीक आहे ते माहीत आहे. मुलगा नोकरी सोडून आला की काही लफडं करून आला, ते माहीत नाही. आईच्या मौनामुळे कथनात ताण निर्माण होतो, असं मी रोज लिहिते. ताण मलाच आलाय.

आज कपडे वाळत घालताना न राहवून विचारलं, मग तो शेवटी सांगतो का?

"ते उत्तरात येत नाही, आई."

राहतो की जातो एवढं तरी सांग, म्हटलं. तर म्हणे, शेवट सांगितला की गोष्ट सांगितल्यासारखं होतं, बाई मार्क कापतात. अगं, पण मी काय पेपर तपासणार आहे का? तिने एका हाताने टॉवेल झटकला, तो नीट झटकला गेला नाही, मी दुसरं टोक धरलं.

"परीक्षा झाली की वाचा," म्हणाली. "मग तुम्हीच मला सांगा, तिने काय करायला हवं होतं."

२४ मार्च, सोमवार

आज माझ्याकडून नियम मोडला. सराव होता म्हणून वाचले.

तिने सांगायला सुरुवात केली: आई विचारत नाही, कारण विचारलं तर उत्तर ऐकावं लागेल. तिचं मौन म्हणजे प्रेम नव्हे, ती भीती आहे. मी पूर्णविरामापर्यंत लिहिलं. मग पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, हे साफ चूक आहे.

ती बघतच राहिली. मी म्हटलं, ती बाई मान राखते म्हणून विचारत नाही. माणूस घरी आला, त्याला दार उघडं मिळालं, झाकलेलं ताट मिळालं. वर त्याची उलटतपासणी कशाला घ्यायची? सांगावंसं वाटलं की सांगेल तो.

"आणि त्याला वाटलं की हिला ऐकायचंच नाहीये, तर?"

असं कसं वाटेल? सगळं हातात मिळतंय की त्याला, म्हटलं. उशीपासून पाण्यापर्यंत.

सूनबाई प्लास्टरच्या कडेचा कापूस उपटत बसली. टायमर वाजला तेव्हा पान अर्धं कोरं होतं. ती म्हणाली, आज एवढंच, आणि खोलीत गेली. मला फार वाईट वाटलं. तिचा एक तास मी खाल्ला. बाहेरची लेखनिक असती तर काढून टाकली असती मला.

नंतर चहा नेऊन दिला. दाराआडच्या बॅगेला पाय लागला, तिने पटकन बॅग मागे ओढली.

२७ मार्च, गुरुवार

लाल पेन खूश नाहीत. उत्तर एकांगी होतंय म्हणाल्या. आई घाबरट, आई घाबरट, किती वेळ तेच? दुसरी बाजू कुठे आहे? वाचणाऱ्याला कळलं पाहिजे की तुम्ही स्वतःशी भांडून इथवर पोचलात.

"दुसरी बाजू घरी आहे," सूनबाई म्हणाली.

घरी करून आणते असं तिला म्हणायचं असणार. बाईंनी मान हलवली.

३० मार्च, रविवार

फोन. त्याला त्याचा जन्मदाखला आणि डिग्रीची मूळ प्रमाणपत्रं हवी आहेत, कुरियरने पाठव म्हणाला. तिकडे कायमचं घर घ्यायचं चाललंय, त्याला लागतात. कायमचं म्हणजे? पूल झाला की परत येणार ना. विचारणार होते, पण त्याला घाई होती.

केर काढताना सूनबाईची बॅग सरकवली. मला वाटलं होतं रिकामी असेल. चांगली जड लागली. पुस्तकं भरली असतील.

आज जेवण गेलं नाही. ऊन फार आहे.

७ एप्रिल, सोमवार

शेवटचा सराव. टायमर वाजायच्या आत पूर्णविराम पडला. बाई म्हणाल्या, आता काही नवीन करायला जाऊ नका, आहे तेच नीट सांगा. पेनं तीन घेतली आहेत. माझा हात आता पूर्वीसारखा चालतो, घरात कुणीतरी कामाला लागल्यासारखं वाटतं.

९ एप्रिल, बुधवार

झाला पेपर. सगळं लिहून ठेवते, नाहीतर झोप लागायची नाही.

आम्हाला वेगळी खोली दिली होती. शाळेची प्रयोगशाळा असावी, कोपऱ्यात बेसिन होतं आणि नळ गळत होता. एक तरुण पर्यवेक्षक जवळच खुर्ची टाकून बसला. टेबल वाजवण्याचं आम्ही त्याला आधीच सांगून ठेवलं होतं. त्याने नियम पुन्हा ऐकवले, विशेषतः मला.

पहिले प्रश्न ठरल्याप्रमाणे झाले आणि कादंबरीला पुरा तास राहिला. प्रश्न होता, आईच्या मौनाचं स्वरूप स्पष्ट करा आणि त्याचं मूल्यमापन करा. मी वाचून दाखवला तेव्हा माझ्या आवाजाला आनंद झाला होता, तो लपवायला मला खोकावं लागलं. पर्यवेक्षकाने बघितलं, पण खोकला नियमात नाही.

सूनबाई सुरेख बोलत होती. दावा झाला. कडीचा दाखला झाला, पिशवीचा झाला. विचारलं तर उत्तर ऐकावं लागेल, हे वाक्य आलं, मी मुकाट लिहिलं. मग ती म्हणाली, "या मौनाला दुसरी बाजूही आहे," आणि थांबली.

थांबली ती थांबलीच. मला वाटलं शब्द जुळवते आहे. मग तिच्या तोंडाकडे बघितलं तर ते पांढरं पडलं होतं. ती विसरली होती. पुढे झाकलेल्या ताटाचा दाखला होता, सगळा सराव तसाच केला होता. माझ्या जिभेवर होता तो शब्द. ताट. दोन अक्षरं. एवढं म्हटलं असतं की गाडी सुरू. मी ओठ दाबून धरले आणि नळाकडे बघत बसले, कारण तिच्याकडे बघितलं असतं तर माझ्या डोळ्यांतूनच ताट बाहेर पडलं असतं. खिडकीवर एवढी वर्षं बसले, पण कुणाला काय होतंय हे ठाऊक असून गप्प बसायची पाळी माझ्यावर आली नव्हती. पर्यवेक्षकाने घड्याळ बघितलं. तिची नोकरी त्या नळातून थेंब थेंब जात होती.

मग ती बोलायला लागली. माझ्या हाताकडे बघून, हळू, लिहायला सांगतात तसं नाही, नुसतं सांगतात तसं.

"आई दर शनिवारी दोन्ही उश्यांचे अभ्रे बदलतात. त्यातली एकच उशी वापरलेली असते, हे त्यांना दिसतं. तरी त्या दोन्ही अभ्रे धुतात आणि विचारत नाहीत. याला भीती म्हणता येईल. पण नुसती भीती दर शनिवारी अभ्रे धूत नाही. त्या घरातल्या माणसांची जागा राखून ठेवतात. मात्र त्या घरात राहणाऱ्या माणसाला कळत नाही, आपण इथे हवेसे आहोत, की आपल्याला जा म्हणायचं नुसतं राहून गेलंय."

टेबल वाजलं नव्हतं. म्हणून मी लिहिलं, शब्दाला शब्द. त्यानंतर तिची गाडी सुरळीत चालली आणि घंटा व्हायच्या आत शेवटचा पूर्णविराम पडला. पर्यवेक्षकाने उत्तरपत्रिका घेताना माझं अक्षर बघितलं आणि म्हणाला, छान आहे.

बसमध्ये मी तिला म्हटलं, सगळं झकास झालं, फक्त शेवटच्या पानावर घोळ झाला. इतका वेळ आई लावत नाही, विचारत नाही, आणि तिथे एकदम बदलतात, धुतात, विचारत नाहीत. एकाच आईचं मध्येच अनेकवचन झालं. मी तसंच लिहिलं, दुरुस्त केलं नाही.

"असू दे, आई."

मार्क जातील ना पण. जाऊ देत, म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत राहिली. थकली होती बिचारी.

अभ्र्याचा दाखला मात्र फार चांगला होता. सरावात कधी आला नव्हता, ऐनवेळी कुठल्या पानावरचा आठवला कोण जाणे. म्हणजे कादंबरीतली आईसुद्धा शनिवारी अभ्रे धुते तर. बायका सगळीकडे सारख्याच.

१० एप्रिल, गुरुवार

आज निळ्या पुस्तकावरचं वर्तमानपत्र काढलं. आता मला कुणाची भीती नाही. चहा घेऊन बसले ते दुपारपर्यंत उठले नाही.

१४ एप्रिल, सोमवार

कादंबरी संपली.

मुलगा जातो. काही न सांगता जातो. एका सकाळी आई उठते तर दाराआड पिशवी नाही. अंगणात येते. फाटक ती रोज उघडं ठेवायची, त्याला आज बाहेरून कडी घातलेली आहे. ती परत आत येते आणि त्याचं ताट घासायला घेते. संपलं.

मी बराच वेळ पुस्तक मांडीवर घेऊन बसले. बाहेरून कडी लावून गेला. म्हणजे आता उघडं ठेवायचं कारण नाही, असं सांगून गेला. आणि हा सगळा वेळ त्याला कुणी एकदा विचारलं असतं, तर त्याने सांगितलं असतं. ते जागोजागी दिसतं. तो तीनदा तिच्या मागे स्वयंपाकघरात येऊन उभा राहतो, आणि ती दर वेळी भांडं आवाज करून ठेवते. मला तिचा इतका राग आला की मी तिला मोठ्याने म्हटलं, अगं बाई, विचार की. घरात कुणी नव्हतं.

मग अभ्र्याचं पान शोधायला लागले. वाचताना निसटलं असेल म्हणून पुन्हा पहिल्यापासून चाळलं. उशी आहे, एकदा मुलगा उशीत तोंड खुपसतो. अभ्रा कुठे नाही. शनिवार नाही. दोन उश्या नाहीत.

पुन्हा बघितलं. नाही.

त्या पुस्तकातल्या आईला कुणी अहो-जाहो करत नाही. लेखक नाही, मुलगा नाही, आणि त्या ओळीपर्यंत सूनबाईही करत नव्हती. या जगात एकच सून एकाच बाईबद्दल बोलताना आई बदलतात, आई धुतात म्हणते.

मी चष्मा काढून ठेवला. मला भीती वाटली, उगाच शब्द फिरवत नाही. खोलीत जाऊन दाराआड बघून आले. बॅग होती.

१९ एप्रिल, शनिवार

चार दिवस काही लिहिलं नाही. विचारायचं कसं याचाच विचार करत होते. माणसाने आयुष्यभर परक्यांना विचारावं आणि घरच्या माणसासमोर जीभ टाळ्याला चिकटावी, हे काय आहे मला कळत नाही.

आज अभ्रे काढायला गेले. तिच्या उशीचा काढला. दुसऱ्या उशीला हात लावला नाही. सूनबाई दारात उभी राहून बघत होती. मी पलंगावर बसले. खिडकीवर असताना विचारताना कागदाकडे बघायची सवय होती, लोकांना बरं वाटतं त्याने. आज समोर कागद नव्हता, तिच्याकडेच बघावं लागलं.

"काय होतंय?" मी विचारलं.

"हात ना? बरा आहे आता. आत खाज येते नुसती."

"हात नाही. तुला. तुला काय होतंय?"

ती उभी होती तशी खाली बसली, जमिनीवरच, बॅगेला टेकून. आधी रडली. मग सांगायला लागली. दावा नाही, दाखला नाही, सरळ गोष्ट सांगितली, पहिल्यापासून, जशी झाली तशी. मध्येच मागे जायची, पुन्हा पुढे यायची. टायमर नव्हता. लाल पेन असत्या तर नापास केलं असतं. मी शेवटपर्यंत ऐकलं, आणि माझ्या मुलाबद्दल जे ऐकावं लागलं तेही ऐकलं. त्यातलं इथे काही लिहिणार नाही. सांगेल ते लिहायचं, हा नियम परीक्षेपुरता होता.

शेवटी तिने तो प्रश्न विचारला. मान खाली घालून, प्लास्टरकडे बघत. "निकाल काही लागो, मी इथेच राहिले तर चालेल?"

"जा म्हणायचं राहून गेलेलं नाही गं," मी म्हटलं. "म्हणायचंच नव्हतं."

दोघींचा चहा मग गारच प्यायलो.

२० एप्रिल, रविवार

दुपारी चिरंजीवांचा फोन. ती आहे का घरात, म्हणाला. आहे, माझ्या शेजारीच बसली आहे, म्हटलं. मग मी विचारलं, "ती चहा विचारणारी कोण?"

मग म्हणाला, "सांगणारच होतो."

"मीही विचारणारच होते," म्हटलं. ठेवून दिला फोन.

७ जून, शनिवार

निकाल लागला. सूनबाई पास. काठावर नाही, चांगली पास. शाळेतून हेडबाईंचा फोन येऊन गेला, सोमवारी कायमच्या कागदांवर सही करायला बोलावलं आहे. ती सही तिच्या स्वतःच्या उजव्या हाताने होईल, अक्षर अजून वाकडं येतं पण तिचं आहे.

लाल पेन पेढ्यासारखं तोंड करून आल्या आणि नेमकं काय काय लिहिलं ते विचारत बसल्या. अभ्र्याचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. हे कादंबरीत नाहीच, म्हणाल्या, याचे मार्क जायला हवे होते. परीक्षकाने कादंबरी नीट वाचली नसावी, किंवा फारच नीट वाचली असावी. सूनबाई माझ्याकडे बघून हसली आणि तिने टेबल वाजवलं.

"आई, जरा येता का?"

दाराआडची बॅग तिने रिकामी करून ठेवली होती. ती पुन्हा माळ्यावर टाकायची होती. मी म्हटलं, राहू दे, पुन्हा पडशील. पण ती चढलीच. या वेळी स्टूल मी धरलं होतं.